नादकाट्याला चुकीचं उत्तर दिलं, आता काय?

एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. वय 46. साताठ महिन्यांपूर्वी एका सकाळी उजव्या कुशीवर झोपलेल्या असताना मोबाइलचा गजर त्यांना ऐकूच आला नाही. कूस बदलली तेव्हा कळलं, तो केव्हाचा वाजत होता. तेव्हापासून फोन आपसूक उजव्या कानाला जायला लागला. डाव्या कानाला लावला तर ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’. मधूनमधून त्या कानात बारीक शिट्टी वाजल्यासारखं होतं. शेवटी त्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी कान आतून पाहिला, मागे उभं राहून कुजबुजत आकडे म्हटले, मग एक धातूचा चिमटा स्वतःच्या कोपरावर आपटून यांच्या कपाळावर टेकवला आणि विचारलं, “आवाज कुठे येतोय?” आवाज उजवीकडे येत होता. पण कपाळाच्या मधोमध ठेवलेल्या वस्तूचा आवाज एकाच बाजूला कसा येईल, आपलंच काहीतरी चुकतंय, असं वाटून त्या म्हणाल्या, “दोन्हीकडे सारखा.” डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं आणि ‘सवडीने ऑडिओमेट्री (ऐकण्याची मोजणी) करून घ्या’ असं सांगितलं. घरी आल्यावर कागदावर ‘रिने पॉझिटिव्ह’ ही अक्षरं दिसली आणि त्यांचं धाबं दणाणलं. भाऊ म्हणतो, चिमटे वाजवणाऱ्याच्या नादी कशाला लागतेस, थेट एमआरआय काढ. मैत्रीण म्हणते, नस कमजोर झाली असेल, नसांच्या ताकदीच्या गोळ्या सुरू कर. त्यांना स्वतःला वाटतं, नसच गेली असेल तर तपासून तरी काय उपयोग? आणि चुकीचं उत्तर दिलं हे डॉक्टरांना आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचे सगळे त्यातच अडकलेत. ऑडिओमेट्रीच्या खोलीत माझी अर्धी हयात गेली, आणि तुम्ही केलंत तसं करणारी माणसं मला रोज भेटली. शाळेपासून आपल्याला वळणच तसं पडलेलं असतं. समोरच्याने प्रश्न विचारला म्हणजे त्याच्या मनात उत्तर असणार, आपण ते ओळखायचं. एक सद्गृहस्थ तर खोलीच्या काचेत माझ्या कोपराची हालचाल बघून बटण दाबायचे. आलेख इतका सुरेख आला की मलाच शंका आली. खुर्ची फिरवून त्यांना पाठमोरं बसवलं, तेव्हा खरा कान समोर आला. त्यांना मला फसवायचं नव्हतं हो, फक्त नापास व्हायचं नव्हतं.

‘आवाज कुठे येतोय’ असं डॉक्टर विचारतात तेव्हा त्यांच्याजवळ उत्तर नसतं. कानाचा पडदा त्यांनी पाहिलेला असतो. त्याच्या पलीकडे काय पोचतंय, हे तुमच्याखेरीज कुणालाच माहीत नसतं. आणि गंमत अशी की तुम्हाला जे उत्तर वेडगळ वाटलं, तेच तर डॉक्टर शोधत होते.

घरातल्या चांगल्या कानाच्या कुणाला तरी एक प्रयोग करायला सांगा. एका कानात बोट घट्ट घालायचं, तोंड मिटायचं आणि ‘म्म्म’ असा सूर धरायचा. आवाज कुठे जाईल? बंद केलेल्या कानात. जो कान बुजवला तोच जास्त ऐकतो! बोट काढून दुसऱ्या कानात घातलं की आवाज तिकडे उडी मारतो. याचं कारण सोपं आहे. आपला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही आत जातो. कान उघडा असला की त्यातला काही भाग कानाच्या नळीतून बाहेर निसटतो आणि बाहेरचा गलका त्याला झाकून टाकतो. नळी बंद झाली की दोन्ही थांबतं. सर्दीत दडे बसतात तेव्हा स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं, ते याचमुळे.

आता कपाळावरच्या चिमट्याकडे या. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला नादकाटा म्हणत, दवाखान्यात ट्यूनिंग फोर्क म्हणतात. तो हाड थरथरवतो आणि ती थरथर दोन्ही कानांच्या आतल्या भागात जवळजवळ सारखीच पोचते. कानात मळ भरला असेल, पडद्यामागे पाणी साठलं असेल किंवा छोटी हाडं जखडली असतील, म्हणजे वाटेत अडथळा असेल, तर आवाज कमी ऐकणाऱ्या कानात मोठा येतो, बोट घातल्यावर येतो तसाच. वाट मोकळी आहे पण आतला ग्रहण करणारा भाग किंवा त्याच्यापुढची नस मंदावली असेल, तर आवाज चांगल्या कानाकडे जातो. म्हणजे ऐकू कमी येतंय डावीकडेच, पण बिघाड कुठे आहे त्यावर काट्याचं उत्तर उलटतं. तुमचा डावा कान कमी ऐकतो आणि काट्याचा आवाज उजवीकडे गेला. ही खूण डाव्या कानाच्या आतल्या भागाकडे किंवा नसेकडे बोट दाखवते. ‘दोन्हीकडे सारखा’ म्हटल्याने नेमकी तीच खूण पुसली गेली, आणि मला वाटतं, ‘सवडीने’ हा शब्द तिथूनच आला.

म्हणून डॉक्टरांना फोन करायचा आहे. माफी मागायला नको, लांबण लावायला नको. इतकंच म्हणा: “कपाळावर काटा ठेवला तेव्हा आवाज उजव्या कानात येत होता, मी गोंधळून सारखा म्हणाले.” डॉक्टर रागावतील असं मला वाटत नाही. ते म्हणतील, या पुन्हा, बघू. रागावलेच, तर दुसरे डॉक्टर शोधायला ते कारण पुरेसं आहे.

मग ते ‘रिने पॉझिटिव्ह’. यावरून किती लोकांच्या झोपा उडाल्या असतील देव जाणे. पॉझिटिव्ह म्हटलं की आपल्याला रोग सापडल्यासारखं वाटतं. इथे नेमकं उलट आहे. डॉक्टरांनी काटा आधी कानामागच्या हाडावर टेकवला असेल, मग कानाच्या तोंडाशी, दोनतीन सेंटिमीटरवर धरला असेल आणि विचारलं असेल, कुठे मोठा वाटतो? निरोगी कानाला हवेतून आलेला आवाज हाडातून आलेल्यापेक्षा मोठा वाटतो, कारण पडदा आणि ती तीन चिमुकली हाडं मिळून त्याला बळ देतात. हवेतला मोठा, याचं नाव पॉझिटिव्ह. म्हणजे तुमच्या कागदावर एवढंच लिहिलंय की आवाजाची वाट मोकळी दिसते. नसेत दोष असला तरी रिने पॉझिटिव्हच येतो, कारण हवा आणि हाड दोन्ही वाटांचा आवाज सारखाच कमी होतो. तेव्हा या शब्दाने घाबरायचं कारण नाही आणि निर्धास्त होण्याचंही नाही. तो कपाळावरच्या उत्तराशी जोडून वाचायचा असतो, आणि तुमच्या कागदावर ते उत्तरच चुकीचं आहे.

आता भावासाठी. नादकाटा जुना आहे हे खरं. जॉन शोर नावाच्या इंग्रज वादकाने तो 1711 मध्ये वाद्यं सुरात लावायला बनवला. कपाळावरची चाचणी एर्न्स्ट हाइनरिख वेबर या जर्मन संशोधकाच्या नावाने ओळखली जाते, त्याने हे निरीक्षण 1834 मध्ये मांडलं. कानामागची चाचणी रिने या जर्मन डॉक्टरची, 1855 ची. इतकी वर्षं ती टिकली, कारण मिनिटभरात, वीज नसताना, रुग्णाच्या खाटेपाशीसुद्धा ती एक मोठा प्रश्न सोडवते: अडथळा वाटेत आहे की मुक्कामी? समजा एखाद्याला सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं. मळ फुगलाय की आतला कान गेलाय? पहिल्याला घाई नाही, दुसऱ्याला आहे. ऑडिओमेट्रीची वेळ मिळेपर्यंत चार दिवस गेले तर नुकसान होतं. काटा ते तिथल्या तिथे सांगतो.

काटा निवडण्यालाही अर्थ असतो. त्याच्या दांड्यावर बहुधा 512 कोरलेलं असतं, म्हणजे सेकंदाला 512 कंपनं. त्याहून बराच जाड्या सुराचा, 128 चा काटा असतो. तो पायाच्या अंगठ्यावर ठेवून कंप जाणवतो का ते बघायला वापरतात. तो कपाळावर ठेवला तर माणूस ऐकतोय की नुसती थरथर त्याला जाणवतेय, हे कळणं अवघड. फार बारीक सुराच्या काट्याचा नाद लवकर विरतो. आणि तुमच्या डॉक्टरांनी तो टेबलावर न आपटता कोपरावर आपटला, यावरून हात सरावलेला दिसतो. कठीण जागी आपटला की मूळ सुराबरोबर भलतेच सूर निघतात.

पण काट्याच्या मर्यादाही डोळ्याआड करू नका. तो दिशा दाखवतो, मोजमाप देत नाही. थोडासा दोष त्याच्या हातून निसटतो. कान अगदी ठार असेल तर तो फसवतोही. त्या कानामागच्या हाडावर ठेवलेल्या काट्याचा आवाज पलीकडचा चांगला कान ऐकतो, आणि माणूस प्रामाणिकपणे सांगतो, ‘हो, हाडावर मोठा येतोय.’ कागदावर मग वाटेतला अडथळा लिहिला जातो आणि खरा दोष लपून राहतो. कुजबुजीच्या चाचणीतही हीच चोरवाट असते. म्हणून ती नीट करायची तर डॉक्टर हातभर अंतरावर पाठीमागे उभे राहतात, ओठ दिसू नयेत म्हणून. चांगल्या कानाच्या तोंडावरचा मऊ हाडाचा छोटा उंचवटा बोटाने चोळत राहतात, श्वास सोडून मग कुजबुजतात. तीन अक्षरं-आकडे बरोबर म्हटलेत तर ठीक, नाहीतर दुसरे तीन. सहापैकी निदान तीन यायला हवेत. तुमचा उजवा कान असा चोळला होता का, आठवून बघा. नसेल, तर डाव्या कानाच्या वतीने उजव्यानेच उत्तरं दिली असणार.

‘नस’ या शब्दाकडे वळते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात खोल भीती तिथे आहे.

काटा आतल्या भागाकडे बोट दाखवतो, पण आत दोन वेगळी घरं आहेत आणि बोलताना आपण दोन्हींना ‘नस’ म्हणून टाकतो. पहिलं घर शंखाचं, कॉक्लिआचं. गोगलगायीच्या शंखासारख्या त्या वळणांत अतिसूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात आणि त्या थरथरीचं विजेच्या संदेशात रूपांतर करतात. मोठे आवाज, वाढतं वय, काही औषधं यांनी मरतात त्या बहुधा याच पेशी. दुसरं घर खरोखरच्या नसेचं, मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी आठव्या जोडीचं. एका कानाच्या श्रवणनसेत सुमारे 30,000 तंतू असतात आणि त्यांच्या शेजारीच तोल सांभाळणारी नस धावते. ‘नस कमजोर आहे’ असं ज्यांना सांगितलं जातं त्यांच्यापैकी बहुतेकांची नस धडधाकट असते, दोष शंखात असतो. हा फरक शब्दांचा खेळ नव्हे. शंखातल्या दोषाला श्रवणयंत्राचा चांगला उपयोग होतो. नसेतल्या दोषात आवाज वाढवला तरी शब्द उलगडत नाहीत, आणि कारण वेगळं शोधावं लागतं.

हा फरक काट्याने कळत नाही. त्यासाठी पुढच्या चाचण्या आहेत आणि त्या एकमेकींची उत्तरपत्रिका तपासतात.

पहिली ऑडिओमेट्री. बंद खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. 250 पासून 8,000 हर्ट्झपर्यंत जाड-बारीक सूर एकेक करून येतात, ऐकू येईनासे होईपर्यंत हळू होत जातात. उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्याची निळी फुली. रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. मग कानामागे एक छोटा ठोकळा लावून हाडातून ऐकवतात. दोन्ही रेघा बरोबरीने खाली उतरल्या तर दोष आतला, आणि हाडाची रेघ वर राहून हवेची तेवढी खाली गेली तर वाटेतला. मध्येच चांगल्या कानात धबधब्यासारखा फसफसाट सोडतील. त्याने गांगरू नका. उजव्या कानाला कामात गुंतवून ठेवायला तो असतो, म्हणजे डाव्याला एकट्याला उत्तर द्यावं लागतं. आणि ‘वाटलं की काय’ इतपत वाटलं तरी बटण दाबा. तीच पुसट कड आम्हाला हवी असते. शंभर टक्के खात्री झाल्यावरच दाबणारी माणसं स्वतःला आहेत त्यापेक्षा बहिरी ठरवून घेतात.

दुसरी चाचणी बोलण्याची, आणि ही मागून घ्या. अनेकदा ती घाईत राहून जाते. आरामात ऐकू येईल अशा आवाजात शब्द ऐकवतात, तुम्ही ते म्हणायचे, शेकडा किती बरोबर ते काढतात. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. बारीक सूर ऐकू येईनासे झाले की असं होतंच, कारण स, श, थ, फ यांसारखी व्यंजनं त्या पट्ट्यात असतात आणि फोनवर ‘सात’ म्हटलं की ‘साठ’ हे कळत नाही. पण सुरांचा आलेख ठीकठाक असून शब्दांचे गुण फारच घसरले, किंवा आवाज वाढवल्यावर गुण आणखी कमी झाले, तर आमचे कान टवकारतात. असं शंखापेक्षा नसेच्या दोषात जास्त दिसतं.

यापुढच्या चाचण्यांत तुम्ही काही सांगायचंच नसतं, म्हणून तुमच्यासारख्या ‘मी बरोबर सांगतेय ना?’ या धास्तीतल्या माणसांना त्या फार आवडतात. एकीत कानात छोटी बोंडी ठेवतात आणि कानातून बाहेर येणारा आवाज मोजतात. हो, कान आवाज करतो! शंखातल्या बाहेरच्या रांगांतल्या केसपेशी स्वतः हलतात आणि त्याचा अगदी पुसट प्रतिध्वनी बाहेर येतो. डेव्हिड केम्प यांनी तो 1978 मध्ये दाखवून दिला. तान्ह्या बाळांची तपासणी याच युक्तीने होते. हा प्रतिध्वनी उमटतोय आणि तरी माणसाला नीट ऐकू येत नाही, म्हणजे शंखाच्या त्या पेशी जाग्या आहेत, अडचण पुढे आहे.

दुसरी बेरा, म्हणजे नसेतून मेंदूकडे जाणारा संदेश टिपणारी चाचणी. कपाळावर आणि कानांपाशी चिकटपट्ट्या लावतात, कानात टकटक वाजवत राहतात, तुम्ही डोळे मिटून पडायचं. झोप लागली तर उत्तमच. नसेतून मेंदूच्या बुंध्याकडे जाणारा संदेश एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही क्षीण असतो, म्हणून हजारहून जास्त टकटकी देऊन त्यांची सरासरी काढतात, तेव्हा कुठे त्या गोंगाटातून लाटा वर येतात. पहिली लाट नसेची, पाचवी बुंध्यातली, आणि हा सगळा प्रवास सेकंदाच्या शंभराव्या भागात आटोपतो. दोन्ही कानांच्या पाचव्या लाटेत 0.2 मिलिसेकंदांहून जास्त फरक पडला तर नसेवर संशय घेतात. नसेची खरी परीक्षा म्हणावी अशी हीच. तरी तिलाही गालबोट आहे. ऐकणंच फार कमी असेल तर लाटा तशाही उशिरा येतात किंवा येतच नाहीत, आणि नसेवरची अगदी लहान गाठ तिच्या नजरेतून सुटू शकते.

गाठ हा शब्द आलाच आहे, तर मोकळेपणी बोलू. भावाच्या मनात तोच असणार, तुमच्याही असेल. एका बाजूचं ऐकणं कमी होणं आणि त्याच कानात शिट्टी वाजणं यामागे क्वचित तोलाच्या नसेच्या आवरणावर वाढणारी गाठ असते. ती कर्करोगाची नसते, बहुधा हळूहळू वाढते. काहींची वर्षानुवर्षं वाढत नाही, नुसतं लक्ष ठेवावं लागतं, आणि गरज पडली तर किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया असते. तुमच्यासारखी लक्षणं असलेल्या बहुसंख्य लोकांचा एमआरआय स्वच्छ येतो. तरीही दोन कानांत फरक असेल तर शोध अर्धवट सोडायचा नसतो, या मुद्द्यावर मी भावाच्या बाजूची आहे.

त्याच्याशी माझं भांडण आहे ते क्रमावरून. थेट एमआरआय काढलात आणि तो स्वच्छ आला, तर तुम्हाला काय कळलं? गाठ नाही, इतकंच. कान किती ऐकतो, शब्द किती कळतात, यंत्राचा उपयोग होईल का, यातलं काही त्या चित्रात नसतं. कानाशी संबंध नसलेला एखादा निरुपद्रवी ठिपका मात्र दिसू शकतो, आणि मग त्याची नवी काळजी. उलट आधी ऑडिओमेट्री झाली आणि दोन्ही कानांत लागोपाठच्या सुरांवर साधारण 15 ते 20 डेसिबलचा फरक निघाला, किंवा शब्दांचे गुण एकाच बाजूला घसरले, तर डॉक्टर स्वतःच एमआरआय सांगतील. नाही सांगितला तर तुम्ही विचारा: ‘एकाच कानाने कमी ऐकू येतंय, गाठीची शक्यता काढून टाकायला हवी का?’ त्या वेळी बेरावर भागवायचं की सरळ एमआरआय, हाही प्रश्न येईल. एमआरआय होण्यासारखा असेल तर लहान गाठीसाठी तोच जास्त खात्रीचा. पेसमेकर वगैरे असेल तर आधी सांगायला हवं.

दोन गोष्टी तुमच्या पत्रात स्पष्ट नाहीत, त्या डॉक्टरांना जरूर सांगा. एक, गजर ऐकू आला नाही त्या सकाळी ऐकणं अचानक गेलं होतं, की आधीपासून हळूहळू कमी होत होतं आणि त्या दिवशी फक्त ध्यानात आलं? दुसरं, चक्कर किंवा तोल जाणं, चेहऱ्याच्या त्या बाजूला बधिरपणा असं काही आहे का? तुमच्या बाबतीत साताठ महिने उलटून गेलेत, म्हणून अचानक होतं की नाही याने उपचार आता फारसा बदलणार नाही, पण कारण शोधायला मदत होईल. बाकीच्या वाचकांनी मात्र हे मनावर घ्यावं. एका कानाचं ऐकणं तासाभरात, रात्रीतून किंवा दोनतीन दिवसांत गेलं तर ते सर्दीचे दडे आहेत असं गृहीत धरून वाट बघत बसू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. स्टिरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त उपयोगी पडतो. महिन्याने आलेल्या माणसांसमोर बसणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात जड भाग होता.

मैत्रिणीच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. शरीरात एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता रक्ततपासणीत निघाली तर ती भरून काढावी, त्यात दुमत नाही. पण मेलेल्या केसपेशी माणसाच्या कानात परत उगवत नाहीत, आणि ‘ताकदीची गोळी’ त्यांना उगवायला लावू शकत नाही. गोळ्यांनी मोठं नुकसान होतं ते वेळेचं. तीन महिने घेऊन बघू म्हणता म्हणता वर्ष निघून जातं. आणखी एक, तुम्ही आधीपासून कुठली औषधं घेत असाल तर त्यांची यादी घेऊन जा. काही अँटिबायोटिक आणि कर्करोगावरची काही औषधं शंखाला इजा करतात, वेदनाशामक म्हणून भरपूर घेतलेलं अ‍ॅस्पिरिनसुद्धा कान वाजवतं.

राहिलं ते ‘नसच गेली असेल तर तपासून काय उपयोग’. ताई, गेलेलं ऐकणं परत येईल असं मी म्हणणार नाही. पण उजवा कान सांभाळायचा तर डाव्याचं काय झालं ते कळायला हवं. शंखाचा दोष निघाला तर यंत्र आहे. डावा कान कामातून गेलेला निघाला तर डावीकडचा आवाज उजवीकडे पोचवणारी यंत्रंही आहेत. आणि आजचा आलेख हाती असला तर वर्षाने काढलेला त्याच्याशेजारी ठेवून रेघ सरकली का बघता येतं. आज तुमच्याजवळ ताडून बघायला काहीच नाही.

तोवर चारचौघांत बसताना माणसं उजव्या हाताला येतील अशी जागा धरा. रस्ता ओलांडताना कानांवर विसंबू नका. एका कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कुठून येतोय हे ओळखायला दोन्ही लागतात. गजराला कंपनही लावा आणि मोबाइल हाताशी ठेवा. जोरात वाजणारं काही उजव्या कानात घालू नका, तुमच्याकडे आता तो एकच राखीव आहे.

फोन सोमवारीच करा. आणि काटा पुन्हा कपाळावर टेकला की डोळे मिटा, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघू नका. आवाज उजवीकडे आला, टाळूवर आला, कुठेच आला नाही किंवा ‘कळत नाही’ असं वाटलं, तर तेच शब्द तोंडातून बाहेर पडू द्या.